गडहिंग्लजच्या रेडीमेड कंपाउंडपासून अटल सेतूपर्यंत : काँक्रीटचे तयार भाग बनवण्याचा धंदा नेमका चालतो कसा?

गडहिंग्लजमधून संकेश्वरकडं जा, आजऱ्याकडं जा नाहीतर नेसरीमार्गे चंदगडकडं जा. रस्त्याकडेला एक गोष्ट हमखास दिसते. प्लॉट पडलेला असतो, घराचा अजून पत्ता नसतो, पण कंपाउंड मात्र उभं असतं. सिमेंटचे राखाडी खांब, खांबाला दोन्ही बाजूंनी खाच आणि त्या खाचेत वरून सरकवलेल्या सिमेंटच्या फळ्या. सकाळी टेम्पो येतो, चार-पाच गडी उतरतात आणि संध्याकाळपर्यंत मोकळ्या रानाला भिंत लागलेली असते.

आपण त्याला रेडीमेड कंपाउंड म्हणतो. इंजिनिअर लोक त्याला प्रीकास्ट म्हणतात. आणि याच पद्धतीनं मुंबईत वांद्रे-वरळी सी लिंक उभा राहिला, मेट्रोची भुयारं बांधली गेली, अटल सेतू समुद्रावरून पलीकडं गेला.

मग साहजिकच प्रश्न पडतो. एका दिवसात कंपाउंड होतंय, समुद्रावर पूल होतोय, तर आपल्या गावात घर बांधायला वर्ष का जातं? घर का नाही येत टेम्पोतून? आणि हे जे रेडीमेड आपण घेतोय, ते टिकतं का?

एक एक करून बघू.

प्रीकास्ट म्हणजे काय, तर आधी ओतायचं आणि मग जोडायचं

नेहमीच्या बांधकामात काँक्रीट जागेवरच ओततात. सेंट्रिंगवाला फळ्या आणि टेकू लावतो, फिटर सळई बांधतो, मग मिक्सर येतो आणि स्लॅब पडतो. त्यानंतर पाणी मारत बसायचं आणि सेंट्रिंग निघायची वाट बघायची. पुढचा मजला त्यानंतर.

प्रीकास्टमध्ये हा क्रम उलटा होतो. खांब, तुळई, भिंत, स्लॅब, जिना असे भाग कारखान्यात किंवा मोठ्या मोकळ्या यार्डात साच्यात ओततात. ते पक्के झाले की गाडीवर घालून जागेवर आणतात, क्रेननं उचलतात आणि एकमेकांना जोडतात.

कोल्हापूरकराला हे समजावून सांगायची खरं तर गरज नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत वर्षानुवर्षं हेच चालतं. साचा करायचा, ओतायचं, थंड झाल्यावर काढायचं. तिथं लोखंडाचा रस असतो, इथं सिमेंट, खडी, कच आणि पाणी.

फरक एवढाच की लोखंड थंड झालं की घट्ट होतं. काँक्रीट मात्र वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांच्यात रासायनिक क्रिया होते आणि त्यातून ते दगडासारखं होतं. म्हणून तर पाणी मारावं लागतं. पाणी उडून गेलं तर क्रिया अर्धवट थांबते आणि काँक्रीट कच्चं राहतं. पहिल्या सात दिवसांत साधारण दोन तृतीयांश ताकद येते. पूर्ण ताकद मोजायचा ठरलेला दिवस म्हणजे २८वा.

प्रीकास्टचा मोठा फायदा इथंच आहे. जागेवर ऊन असतं, वारा असतं, पाण्याचा टँकर आला नाही तर स्लॅब तसाच राहतो. कारखान्यात तो माल हौदात बुडवून ठेवता येतो. मोठ्या कारखान्यांत तर वाफ देऊन काँक्रीट लवकर पक्कं करतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी साचा पुढच्या मालासाठी मोकळा.

आपल्याकडचा जुना दाखला : कोल्हापूर पद्धतीचा बंधारा

खांबाच्या खाचेत फळी सरकवायची कल्पना आपल्या भागाला अजिबात नवीन नाही. हिरण्यकेशीवर ऐनापूरचा किंवा निलजीचा बंधारा बघा. नदीत ओळीनं दगडी किंवा काँक्रीटचे खांब, खांबांना खाचा आणि त्या खाचांत बसवायचे बरगे. पावसाळा संपला की बरगे घालायचे, पाणी अडवायचं. पुढचा पावसाळा यायच्या आत बरगे काढायचे आणि पुराला वाट मोकळी करून द्यायची. या पद्धतीला कोल्हापूरचंच नाव मिळालं आणि ती महाराष्ट्रभर पसरली.

रेडीमेड कंपाउंडची रचना हुबेहूब तशीच आहे. फक्त एक मोठा फरक आहे. बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्यात काढतात. कंपाउंडच्या फळ्या कोणी काढत नाही. या फरकाची किंमत काय असते, ते पुढं येईल.

हा धंदा सुरू कुठून झाला?

जगात प्रीकास्टची मोठी इमारत उभी करण्याचा मान इंग्लंडमधल्या लिव्हरपूलला जातो. तिथले शहर अभियंता जॉन ब्रोडी यांनी १९०५ मध्ये एल्डन स्ट्रीटवर कामगारांसाठी चाळवजा घरं बांधली. भिंतींचे तयार पॅनेल आणून जोडायचे, असा तो प्रयोग होता.

१९१० मध्ये ऑस्ट्रेलियात वॉल्टर ह्यूम यांनी वेगळीच शक्कल लढवली. गोल साचा जोरात फिरवायचा आणि त्यात काँक्रीट घालायचं. फिरण्याच्या जोरानं काँक्रीट साच्याच्या कडेला दाबून बसतं, मध्ये पोकळी राहते आणि तयार होतो पाईप. आपण ज्याला सिमेंट पाईप किंवा ह्यूम पाईप म्हणतो, तो हाच. म्हणजे 'ह्यूम' हे माणसाचं आडनाव आहे.

हा पाईप भारतात आणला एका मराठी मुलखातल्या उद्योजकानं. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये इंडियन ह्यूम पाईप कंपनी सुरू केली. शेठजींचं नाव निघालं की जहाज, विमान आणि मोटारींचे कारखाने आठवतात, पण देशात गावोगावी पाणी नेणाऱ्या पाईपचा धंदाही त्यांनीच रुजवला.

फाळणीनंतर लाखो निर्वासित भारतात आले, त्यांना घरं हवी होती. त्या गरजेतून दिल्लीत सरकारनं तयार घरांचा कारखाना काढला. हिंदुस्तान हाउसिंग फॅक्टरी हे त्याचं नाव. पुढं त्याचंच हिंदुस्तान प्रीफॅब झालं.

मुंबईनं काय केलं?

३० जून २००९ ला वांद्रे-वरळी सी लिंक सुरू झाला. त्याचा रस्ता समुद्रात सेंट्रिंग लावून ओतलेला नाही. यार्डात पेटीसारखे पोकळ तुकडे ओतले, ते उचलून एकापुढं एक लावले आणि आतून पोलादी तारा ओढून ताणून घट्ट केले. वहीची पानं दोन्ही बाजूंनी दाबून धरली की मधलं पान सुटत नाही, तसंच.

१२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेल्या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूतही काँक्रीटच्या भागांत हीच पद्धत वापरली. मेट्रोच्या भुयारात आपण डब्यातून जातो, तेव्हा आजूबाजूला असतात त्या प्रीकास्ट तुकड्यांच्या कड्या. भुयार खोदणारं मशीन पुढं सरकतं आणि मागं लगेच कडी बसवत जातं.

आणि घरांचं? २०२२ मध्ये सिडकोनं नवी मुंबईत बामणडोंगरी इथं एक प्रयोग केला. बारा मजली इमारत, ९६ फ्लॅट आणि मुदत ९६ दिवसांची. लार्सन अँड टुब्रो कंपनीनं जवळपास दोन हजार प्रीकास्ट भाग जोडून ती इमारत ठरलेल्या मुदतीत उभी केली, तीही आतल्या कामांसकट.

म्हणजे घर होतं. मग गडहिंग्लजला का होत नाही?

गणित तीन गोष्टींचं : वजन, साचा आणि रस्ता

पहिली गोष्ट वजन. एक घनमीटर काँक्रीट साधारण २४०० किलो भरतं. आता कंपाउंडची फळी घ्या. सात फूट लांब, एक फूट उंच आणि दोन इंच जाड. हिशोब केला तर वजन ८० किलोच्या आसपास येतं. दोन गडी ती उचलून खाचेत सोडू शकतात.

आता घराची एक भिंत घ्या. दहा बाय दहा फूट आणि सहा इंच जाड. दार-खिडकी नसेल तर वजन होतं साधारण ३.४ टन. ही भिंत माणसं उचलत नाहीत. तिला क्रेन लागते, क्रेन उभी करायला जागा लागते, भिंत आणायला ट्रेलर लागतो आणि ट्रेलर वळायला रस्ता लागतो. गावातल्या बोळात जिथं ट्रॅक्टर वळवताना चारदा मागं-पुढं करावं लागतं, तिथं हे जमायचं कसं?

दुसरी गोष्ट साचा. चांगला पोलादी साचा महाग असतो. त्यातून शेकडो एकसारखे भाग निघाले तरच तो परवडतो. सिडकोच्या इमारतीत सगळे मजले सारखे होते, म्हणून साचा वसूल झाला. आपल्याकडं प्रत्येकाचं घर वेगळं. एकाला देवघर ईशान्येला पाहिजे, एकाला सोपा मोठा पाहिजे, एकाच्या प्लॉटचा कोपराच तिरका. एका घरासाठी साचा करायचा म्हणजे एका लग्नासाठी मंगल कार्यालय बांधण्यासारखं झालं.

तिसरी गोष्ट वाहतूक. काँक्रीट म्हणजे जड आणि त्या मानानं स्वस्त माल. तो लांबून आणला की गाडीभाडंच मालाला खाऊन टाकतं. म्हणून हा धंदा कायम गिऱ्हाइकाच्या जवळ असतो. तालुक्याच्या गावाबाहेर रस्त्याकडेला कंपाउंडच्या फळ्या, विहिरीच्या रिंगा, पेव्हर ब्लॉक, चेंबरची झाकणं आणि दाराच्या चौकटी मांडून ठेवलेले छोटे कारखाने दिसतात, त्याचं कारण हेच.

थोडक्यात, प्रीकास्ट आपल्याकडं आलेलंच आहे. फक्त ते दोन माणसं उचलतील एवढ्या तुकड्यांत आलंय.

तरी हा विषय आपल्यासाठी महत्त्वाचा का?

एक कारण पाऊस. गडहिंग्लजपासून पश्चिमेला आजऱ्याच्या पुढं जावं तसा पाऊस वाढत जातो आणि आंबोलीला तर राज्यातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांत गणना होते. अशा पट्ट्यात उघड्यावरचं बांधकाम वर्षातले काही महिने बंदच पडतं. भाग छपराखाली तयार होत असतील तर पावसाळ्यातही काम चालू राहतं आणि उघडीप मिळाली की फक्त जोडायचं उरतं.

दुसरं कारण माणसं. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या भागातली कितीतरी घरं मुंबईच्या पगारावर उभी राहिली. रजा मे महिन्यात मिळते, तेवढ्या दिवसांत काम सुरू करून द्यायचं आणि परत जायचं. मग चुलत्याच्या नाहीतर भावाच्या भरवशावर बांधकाम. सिमेंट किती पडलं, पाणी मारलं का, हे बघायला मालक तिथं नसतो. कारखान्यातून आलेल्या मालाची निदान पावती असते, कधी ओतला ती तारीख विचारता येते, चाचणीचा कागद मागता येतो.

तिसरं कारण रोजगार. सेंट्रिंगच्या कामात उंचीवरून पडण्याचा धोका असतो. यार्डातलं काम जमिनीवर होतं, रोज एकाच ठिकाणी होतं. पण तिथंही सगळं गोड नाही. सिमेंट आणि कचीची धूळ फुफ्फुसात जाते, ओल्या सिमेंटनं हाताची कातडी जाते, जड उचलून कंबर जाते. मास्क, हातमोजे आणि बूट हा तिथं लाडाचा विषय नसतो.

खरी ताकद सांध्यात, आणि खरा धोकाही तिथंच

जागेवर ओतलेलं घर म्हणजे एकसंध दगड. प्रीकास्ट घर म्हणजे जोडलेले तुकडे. भाग कितीही चांगला असला तरी सांधा कच्चा असेल तर सगळं कच्चं.

जगाला हे कळलं १६ मे १९६८ ला. लंडनमध्ये रोनन पॉइंट नावाची २२ मजली प्रीकास्ट इमारत होती. लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. पहाटे १८व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि भिंतीचं पॅनेल बाहेर फेकलं गेलं. त्याच पॅनेलवर वरच्या मजल्यांचा भार होता. वरचे मजले खाली आले आणि त्यांच्या माऱ्यानं खालचे. पत्त्यांच्या बंगल्यासारखा इमारतीचा एक आख्खा कोपरा जमिनीपर्यंत कोसळला. चार माणसं गेली, १७ जखमी झाली. स्फोट मोठा नव्हता, पण पॅनेल एकमेकांना नीट बांधलेले नव्हते. त्यानंतर एक भाग गेला तरी बाकी इमारत उभी राहिली पाहिजे, हा विचार बांधकामाच्या नियमांत आला.

७ डिसेंबर १९८८ ला आर्मेनियात भूकंप झाला, २५ हजारांच्या वर माणसं गेली. तिथं लेनिनाकान शहरात खांब-तुळया जोडून केलेल्या नऊ मजली प्रीकास्ट इमारती मोठ्या संख्येनं पडल्या. त्याच शहरात मोठ्या भिंतींचे पॅनेल जोडून केलेल्या प्रीकास्ट इमारती मात्र तग धरून राहिल्या. म्हणजे प्रीकास्ट वाईट की चांगलं, असा प्रश्नच नाही. कोणते भाग, कसे जोडले, हा प्रश्न आहे.

आपल्याकडं ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप जुनी माणसं अजून विसरलेली नाहीत. त्यामुळं उद्या कोणी तुम्हाला तयार भिंतींचं घर विकायला आला, तर फरशी कुठली आणि रंग कुठला हे नंतर विचारा. आधी विचारा, सांध्यात सळई किती, ती कशी बांधली आणि भूकंपाचा हिशोब कोणत्या इंजिनिअरनं सही करून दिलाय.

आता कंपाउंडच्या त्या फळ्यांकडं वळू

२०१९ आणि २०२१ ला जिल्ह्यानं महापूर पाहिला. पूर सोडा, उताराच्या प्लॉटवर नुसत्या मोठ्या पावसाचं पाणी कंपाउंडच्या एका बाजूला तुंबलं तरी काय होतं ते बघा.

भिंतीमागं एक मीटर पाणी साठलं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण ५०० किलोचा दाब येतो. दोन खांबांत दोन मीटर अंतर असेल तर एकेका खांबावर एक टन. पाणी दुप्पट चढलं तर दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. चार इंची खांब दीड फूट खड्ड्यात उभा केलेला असतो, तो पाण्यासाठी केलेलाच नसतो. तो गुरं अडवायला आणि हद्द दाखवायला केलेला असतो.

बंधाऱ्याचे भक्कम खांबही पुरात उभे राहावेत म्हणून त्यांचे बरगे काढावे लागतात, मग या खांबांची काय कथा?

भिंत पडली की फक्त पैसे जात नाहीत. २९ जून २०१९ ला पुण्यात कोंढव्यात सोसायटीची संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडून १५ जण गेले. तीन दिवसांनी मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत पडून तीसच्या आसपास माणसं गेली. त्या भिंती रेडीमेड फळ्यांच्या नव्हत्या, पण पावसाळा, मागं साठलेलं पाणी आणि पुढं राहणारी माणसं हा धडा प्रत्येक भिंतीला लागू आहे.

मग घेताना बघायचं काय?

कंपाउंड करताना पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते पावसाळ्यात एकदा बघून ठेवा. त्या ठिकाणी खालची फळी वर उचलून मोकळी जागा सोडा किंवा तिथं जाळी लावा. ओढ्याच्या, वगळीच्या तोंडावर फळ्यांची भिंत घालूच नका. काळ्या रानात माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून खांबाचा खड्डा मुरमापर्यंत न्या आणि खांबाभोवती नुसती माती न लोटता काँक्रीट भरा. मातीचा भराव अडवायचा असेल तर फळ्यांचं काम नाही, तिथं इंजिनिअरकडून वेगळी भिंत करून घ्या.

फळी घेताना कड बघा. सळई किंवा तार बाहेर डोकावत असेल तर ती गंजणार, फुगणार आणि फळी फोडणार. अंगावर मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं असतील तर काँक्रीट नीट दाबलेलं नाही. ओतून किती दिवस झाले, किती दिवस पाण्यात होतं, हे थेट विचारा. काल ओतलेला माल आज गाडीत चढत असेल तर आठवडाभर थांबा.

सिमेंट पाईप घेताना आतल्या व्यासाबरोबर त्याचा दर्जाही विचारा. एनपी-२ म्हणजे हलक्या वाहतुकीसाठी, एनपी-३ मध्यम आणि एनपी-४ जड. शेताच्या वाटेखाली एनपी-२ टाकायचा आणि वरून उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या न्यायच्या, मग पाईप फुटला की कारखानदाराला शिव्या द्यायच्या, याला अर्थ नाही. पाईपवर मातीचा पुरेसा थर घालणंही तेवढंच गरजेचं.

पेव्हर ब्लॉकचंही तसंच. पायवाटेला ५० ते ६० मिलिमीटर जाडी चालते, पण गाड्या फिरणार असतील तर ८० मिलिमीटरचा विचार करा. आणि ब्लॉकखालची खडी-कच नीट दाबली नाही तर कितीही जाड ब्लॉक घ्या, पहिल्या पावसात खड्डा पडणार.

शेवटी पुढं काय?

अख्खं घर टेम्पोतून यायला गडहिंग्लजला अजून वेळ लागेल. पण त्याआधी छोट्या गोष्टी येत राहतील. तयार चौकटी आल्या, तयार लिंटेल आले, उद्या तयार जिना येईल, दोन माणसांच्या जागी छोटी क्रेन येईल. शाळाखोल्या, अंगणवाड्या, शौचालयं, ओढ्यावरच्या मोऱ्या अशी एकसारखी कामं जिथं जिथं आहेत, तिथं साचा परवडतो आणि म्हणून प्रीकास्ट आधी तिथं शिरणार.

आणि गवंडी? त्याचं काम संपणार नाही, बदलणार. विटेला वीट लावणाऱ्या हाताला उद्या सांध्याला सांधा जुळवावा लागेल. ज्याला सांधा नीट जमेल त्याला कामाची ददात नाही, कारण रेडीमेडच्या या सगळ्या खेळात भाग कुणीही ओततो, पण भिंत उभी राहते ती जोडणाऱ्याच्या हातावर.